एक मुहूर्त, साडेबारा पळे आणि शेवटची दोन मिनिटे

मुंबई, दि. ७ ऑक्टोबर २०१९, खंडेनवमी

प्रति,
नियम ठरवणाऱ्या समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए), न्यूयॉर्क

विषय : वरळी येथील सामन्याच्या अनुषंगाने ‘शेवटची दोन मिनिटे’ या संज्ञेबाबत.

स. न. वि. वि.

मी मध्य मुंबईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवतो. शुक्रवार, ४ ऑक्टोबर रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या आपल्या दोन संघांचा जो सामना झाला, तो पाहण्यासाठी ७० शाळांमधील सुमारे तीन हजार मुले आली होती आणि त्यांपैकी २२ मुलांची शिरगणती करण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे संपूर्ण सामन्यात मी दोनच गोष्टी मोजत होतो, एक मुले आणि दुसरे सेकंद. मुले अखेरपर्यंत २२ च भरली. सेकंदांचा हिशेब मात्र काही केल्या जुळेना, आणि आपण सोडून तो दुसऱ्या कोणाकडे मागावा हे न कळल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

पत्र इंग्रजीत लिहावे, असे आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी सुचवले होते. परंतु मला जे मांडायचे आहे त्यात मुहूर्त, घटका आणि पळ हे शब्द वारंवार येणार आहेत, आणि त्यांची इंग्रजी करण्यात माझाच मुहूर्त टळेल अशी भीती वाटल्याने मी मराठीतच लिहितो. दुभाष्या आपल्याला मिळेलच. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे आहेत, तेव्हा फार लांब शोधावे लागणार नाही.

या रणदिव्यांवरूनच आमच्या बसमध्ये पहिला वाद झाला. ज्या संघाच्या मालकाचा जन्म मुंबईचा, तो संघ आपलाच, मग टाळ्या किंग्जलाच वाजवायच्या, असा खिडकीकडच्या मुलांचा पक्ष होता. पेसर्सच्या बोधचिन्हातला पिवळा रंग जेजुरीच्या भंडाऱ्यासारखा दिसतो, एवढ्या भांडवलावर मागच्या बाकावरच्यांनी पेसर्सना दत्तक घेतले. शुक्रवार असल्याने नवरात्राचा हिरवा रंग होता आणि आमच्या क्रीडाशिक्षिका हिरवी साडी नेसून आल्या होत्या. दोन्ही संघांचा हिरव्याशी काही संबंध नसल्यामुळे तटस्थ पंच म्हणून त्यांची निवड एकमताने झाली. प्रत्यक्षात सामना सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला दोन्ही पक्ष विसर्जित झाले आणि मुलांनी एक नवा, अत्यंत सोयीचा नियम केला, की चेंडू ज्याच्या हातात तो आपला. क्षणापूर्वी ज्याच्यासाठी घसा फोडला त्याच्याकडून चेंडू हिसकावला गेला, तरी त्याच श्वासात हिसकावणाऱ्याचा जयजयकार होत होता. मोठ्या माणसांच्या स्टेडियममध्ये आपल्या खेळाडूंना असे प्रेक्षक कधी मिळाले असतील, असे वाटत नाही. पेसर्सच्या टी. जे. वॉरन यांनी ३० गुण केले, त्यांतला एकही गुण परक्या मैदानावर केल्यासारखा त्यांना वाटला नसेल.

आता मुद्द्याकडे येतो.

आपला सामना ४८ मिनिटांचा असतो, हे क्रीडाशिक्षिकांनी बसमध्येच सांगितले होते. गणिताच्या शिक्षकाला संख्या कानावर पडली की ती कोठे तरी पूर्वी भेटल्यासारखी वाटते, आणि ४८ ही तर आमच्या घरातलीच निघाली. आमच्याकडील जुन्या कालमापनात अहोरात्राचे ३० मुहूर्त होतात, मुहूर्ताच्या दोन घटका, आणि एका घटकेची ६० पळे. चोवीस तासांना तीसने भागले की एक मुहूर्त ४८ मिनिटांचा येतो. म्हणजे आपला सामना हा बरोबर एक मुहूर्त आहे. मध्यंतरापर्यंतचा अर्धा सामना २४ मिनिटांचा, म्हणजे बरोबर एक घटका. आणि चेंडू ताब्यात आल्यापासून बास्केटकडे फेकण्यासाठी संघाला जे २४ सेकंद मिळतात, ते म्हणजे बरोबर एक पळ. मी हे एका मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर तीनदा ताडून पाहिले. ‘एक पळभर थांब’ असे आम्ही रोज म्हणतो, पण पळ केवढा असतो ते कोणालाच ठाऊक नसते. तो बास्केटच्या वर लाल आकड्यांत टांगलेला पाहण्याचा योग मला वयाच्या ५४ व्या वर्षी आपल्यामुळे आला.

हा योगायोग घडला कसा, याचा इतिहासही मी पाहिला. १९५० सालच्या २२ नोव्हेंबरला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सचा १९-१८ असा पराभव केला. दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण! आमच्या शाळेच्या अंगणात पाचवीची मुले मधल्या सुट्टीत याहून जास्त करतात. कारण असे, की आघाडी मिळाली की चेंडू कवटाळून बसायचे आणि घड्याळ संपू द्यायचे, यावर त्या काळी काहीच बंधन नव्हते. तेव्हा १९५४ मध्ये सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बायासोन यांनी एक सरळ भागाकार केला. जे सामने पाहायला मजा येते त्यांत प्रत्येक संघ सुमारे ६० फेकी करतो, म्हणजे दोघांच्या मिळून १२०. सामन्याचे सेकंद २८८०. भागा, उत्तर २४. बायासोन हे बोलिंगचा व्यवसाय करणारे गृहस्थ, त्यांनी आमचे पंचांग उघडून पाहिले असण्याची सुतराम शक्यता नाही. तरीही त्यांचे उत्तर पळाशी जुळले, याचा एका गणित शिक्षकाला जो आनंद झाला तो मी आपल्यापर्यंत पोहोचवू इच्छितो. एरवी ‘भागाकार पुढे आयुष्यात कोठे उपयोगी पडतो’ असे विचारणाऱ्या मुलाला मी वाण्याचे दुकान दाखवत असे. यापुढे मी त्याला आपले शॉट क्लॉक, म्हणजे ते २४ सेकंदांचे घड्याळ, दाखवणार आहे.

चेंडू कवटाळून बसणाऱ्यांचा बंदोबस्त आम्हीही केला आहे, हे या ठिकाणी नम्रपणे नमूद करतो. याच डोममध्ये प्रो कबड्डीत यू मुंबाचे सामने झाले आहेत, आणि तिथे चढाईसाठी ३० सेकंद मिळतात. पण त्याआधी, मातीवरच्या कबड्डीत, घड्याळ चढाई करणाऱ्याच्या छातीतच असे. दम टिकेल तोवर ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचे, दम सुटला की चढाई संपली. या घड्याळाला ना वीज लागत होती ना तांत्रिक अधिकारी. त्याची दुरुस्तीही सोपी होती, कारण ‘दम घातला’ की नाही यावरून दोन्ही संघ मैदानातच हातघाईवर येत आणि प्रश्न निकाली निघे.

पावलांच्या मोजणीबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तो क्रीडाशिक्षिकांचा प्रांत आहे. त्या नागपाड्याच्या मैदानावर बास्केटबॉल शिकल्या आहेत, जिथे हा खेळ गल्लीतल्या क्रिकेटइतकाच घरचा आहे. चेंडू हातात धरून तिसरे पाऊल टाकले की त्या शाळेत शिट्टी फुंकतात. आपल्या खेळाडूंनी तिसरे पाऊल टाकल्याचे आमच्या मुलांनी त्या दिवशी अनेकदा पाहिले, मोठ्या अपेक्षेने बाईंकडे पाहिले, आणि बाईंनी निर्विकारपणे सांगितले, की चेंडू नीट ताब्यात घेताना जमिनीवर असलेले पाऊल मोजायचे नसते, ते शून्यावे पाऊल. एका मुलाने माझ्याकडे वळून ‘सर, शून्यावं असतं?’ असे विचारले. मी गेली अनेक वर्षे मुलांना सांगत आलो आहे, की मोजायला सुरुवात एकपासून होते आणि रांगेतला पहिला मुलगा हा पहिलाच असतो. शनिवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या मुलाने आपण शून्यावे असल्याचे सांगून हजेरीतून सुटका मागितली. याची जबाबदारी समितीने नैतिकदृष्ट्या तरी घ्यावी.

परंतु हे सारे मी हसून सोडून देईन. माझी खरी विनंती शेवटच्या दोन मिनिटांबाबत आहे.

चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात, घड्याळ दोन मिनिटांवर आले तेव्हा आमच्या बसच्या चालकाचा फोन आला. डोमच्या आत तीन हजार मुले आपापल्या परीने बोलत असल्याने मला एका कानात बोट घालून उत्तर द्यावे लागले. गाडी केव्हा लावू, असा त्यांचा प्रश्न होता. मी समोर पाहिले. आकडे स्पष्ट होते, मोठे होते, आणि एका आंतरराष्ट्रीय संघटनेने लावलेले होते. मी म्हणालो, ‘दोन मिनिटं.’ तीस वर्षे मुलांना अचूकतेचे धडे देणाऱ्या माणसाने दिलेले हे उत्तर होते.

त्यानंतर काय झाले ते आपण जाणताच, कारण ते नियम आपणच केले आहेत. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाली की घड्याळ थांबते. फाउल झाला की थांबते. चेंडू रेषेबाहेर गेला की थांबते. कोणाच्या बोटाला लागून बाहेर गेला, हे पाहण्यासाठी पंच पडद्यापाशी गेले की ते थांबलेलेच राहते. शिवाय टाइमआउट, म्हणजे संघाने खेळ थांबवून मागून घेतलेला वेळ. प्रत्येक संघाला सामन्यात सात, प्रत्येकी ७५ सेकंदांचे. शेवटच्या तीन मिनिटांसाठी त्यांतले दोनपेक्षा जास्त वापरता येत नाहीत, ही आपण घातलेली मर्यादा मला मान्य आहे. पण दोन संघांचे मिळून चार होतात, आणि ७५ गुणिले चार म्हणजे तीनशे सेकंद, म्हणजे पाच मिनिटे. दोन मिनिटांच्या आत पाच मिनिटे मावतात, हे मी सातवीच्या वर्गाला कोणत्या प्रकरणात शिकवू?

या प्रकाराला आमच्याकडे एक नेमकी उपमा आहे. मराठी लग्नाच्या पत्रिकेत मुहूर्त मिनिटासह छापलेला असतो, उदाहरणार्थ ‘सकाळी ११ वाजून ३७ मिनिटांनी’. अंतरपाट धरला जातो, सर्वांच्या मुठीत अक्षता येतात, भटजी मंगलाष्टके सुरू करतात, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ आले की तीनशे माणसे हात उचलतात. तेवढ्यात वधूची आत्या चष्मा लावते आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढते. त्यावर तिने स्वतः रचलेले मंगलाष्टक असते, ज्यात दोन्ही घराण्यांची नावे आणि वराची पदवी वृत्तात बसवलेली असते. ते संपते. हात पुन्हा उचलले जातात. मग वराचे काका पुढे येतात. मुठीतल्या अक्षता घामाने चिकटतात, पोटात कावळे ओरडत असतात, आणि तरी कोणी जागचे हलत नाही, कारण खरे ‘सावधान’ कोणते ते आधी कळत नाही आणि नेमके तेच चुकवून चालत नाही. आपले प्रशिक्षक जेव्हा दोन्ही हात जोडून इंग्रजी ‘टी’ करतात आणि टाइमआउट मागतात, तेव्हा मला त्यांच्या जागी हुबेहूब ती आत्या दिसली. हातात पाटी, पाटीवर घाईघाईने काढलेल्या रेघा, आणि चेहऱ्यावर ‘माझं एक राहिलंय’ हा भाव.

आणखी एक गोष्ट मुलांच्या मनाला लागली. मागे पडलेला संघ शेवटी मुद्दाम फाउल करतो. का, तर घड्याळ थांबावे, समोरच्याने फ्री थ्रो, म्हणजे भरपाई म्हणून मिळणाऱ्या बिनअडथळ्याच्या फेकी, मारावेत, त्यातला एखादा चुकावा आणि चेंडू आपल्याकडे परत यावा. ही युक्ती क्रीडाशिक्षिकांनी समजावून सांगितल्यावर आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे चूक करून वेळ मिळतो?’ मी काहीच बोललो नाही. परीक्षेत पेन्सिलीचे टोक मोडले म्हणून शार्पनर मागायला उठणारा मुलगा माझ्या शेजारीच बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांत आपल्या मार्गाला जागतिक मान्यता मिळाल्याचे समाधान मला स्पष्ट दिसत होते.

चालकाचा दुसरा फोन आला तेव्हाही मी म्हणालो, ‘दोन मिनिटं.’ ते खोटे नव्हते. घड्याळात अजून जवळजवळ तेवढाच वेळ होता.

आणि मग सामना बरोबरीत सुटला. म्हणजे सुटला असे मला वाटले. कबड्डीच्या साखळी सामन्यात बरोबरी झाली तर दोन्ही संघ हात मिळवतात आणि गुण वाटून घेऊन घरी जातात. हा तर आपला हंगामपूर्व सामना होता, ना गुण ना चषक, समोर बसलेली शाळकरी मुले तर दोन्ही संघांच्या विजयाला सारखीच तयार. तरीही आपल्या नियमाने पाच मिनिटांचा जादा खेळ फर्मावला. पाच मिनिटे म्हणजे साडेबारा पळे. त्यासाठी प्रत्येक संघाला दोन नवे टाइमआउट, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांना पुन्हा तोच नियम, की बास्केट झाली की घड्याळ थांबणार. तिसऱ्या फोनवर चालक मला म्हणाले, ‘सर, तुम्ही गणिताचेच ना?’

तरीही या जादा वेळेबद्दल माझी तक्रार नाही, उलट आपले अभिनंदनच करायचे आहे. तीन महिन्यांपूर्वी, १४ जुलैला, लॉर्ड्सवर क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली, आणि मग कोणी चेंडू सीमेपार जास्त वेळा धाडला ते मोजून, २६ विरुद्ध १७ असा हिशेब करून, इंग्लंडला विजयी ठरवले गेले. दोन विद्यार्थ्यांना सारखे गुण पडले म्हणून ज्याने मार्जिन जास्त सुबक आखले त्याला पहिला क्रमांक द्यावा, असा तो न्याय होता. न्यूझीलंडचे ते अकरा चेहरे आमच्या मुलांच्या अजून लक्षात आहेत. त्यामुळे वरळीत जादा वेळ जाहीर झाला तेव्हा त्यांनी ज्या उत्साहाने टाळ्या वाजवल्या, त्यात ‘खेळ खेळूनच संपवा’ असे त्यांचे मत होते. ते मत मी आपल्याला कळवतो. बसचालकाचे मत निराळे आहे, ते कळवत नाही.

अखेर पेसर्स १३२, किंग्ज १३१. एका गुणाने. मुलांनी दोन्ही संघांचा जल्लोष केला आणि मी शिरगणती केली.

आता विनंती. नियम बदला असे मी म्हणत नाही. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत पीचच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, तो कठडा दहा फुटांवर होता म्हणून आजही बास्केट दहा फुटांवर आहे. कठड्याला एवढा मान देणाऱ्या संघटनेने एका शिक्षकाच्या पत्रावरून घड्याळाला हात लावावा, ही अपेक्षा अवास्तव ठरेल. शिवाय खरे सांगायचे तर त्या लांबलेल्या दोन मिनिटांत आमच्या २२ पैकी एकाही मुलाने पाणी मागितले नाही, शौचालय विचारले नाही की शेजाऱ्याला चिमटा काढला नाही. माझ्या तासाला हे कधी घडलेले नाही.

मला फक्त नाव बदलून हवे आहे. ‘शेवटची दोन मिनिटे’ ही संज्ञा निदान मराठीत वापरू नये. ज्या शहरात माणसे ९ वाजून ४ मिनिटांची लोकल आणि ९ वाजून ७ मिनिटांची लोकल या दोन भिन्न संस्कृती मानतात, तिथे ‘दोन मिनिटे’ हे वचन असते. त्याऐवजी त्या काळाला ‘मंगलाष्टके’ म्हणावे, असे मी सुचवतो. घड्याळ दोन मिनिटांवर आले की ध्वनिक्षेपकावरून ‘मंगलाष्टके सुरू होत आहेत’ अशी घोषणा व्हावी. मराठी माणसाला त्यातून जे समजायचे ते सर्व समजेल : आता जागा सोडायची नाही, आता घड्याळाकडे पाहायचे नाही, आणि बसचालकाला फोन करून सांगायचे, की तुम्ही चहा घ्या, जमल्यास जेवूनही घ्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळच्या शाळेत, मी फळ्यावर एक उदाहरण घातले. सामना जादा वेळेसह ५३ मिनिटांचा, म्हणजे ३१८० सेकंदांचा. गुण दोघांचे मिळून २६३. तर सरासरी किती सेकंदांना एक गुण झाला? उत्तर १२ आले, बाकी २४. त्या रात्री दुसरा सामना झाला, त्यात पेसर्सनी १३० विरुद्ध १०६ असा विजय मिळवला, म्हणून तेच उदाहरण आज सोमवारी पुन्हा घातले. २८८० भागिले २३६. उत्तर पुन्हा १२, बाकी ४८. बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस. मी खडू खाली ठेवला आणि थोडा वेळ खुर्चीत बसलो. माझ्या उदाहरणात बाकी उरली की ती कोणाची हे मुले कधीच विचारत नाहीत. खाऊचे वाटप असेल तर शिक्षकांची, एवढे त्यांना ठाऊक असते. आज मात्र खिडकीकडच्या बाकावरच्या, मूळ रणदिवे पक्षाच्या एका मुलाने हात वर केला आणि शुक्रवारच्या भागाकाराकडे बोट दाखवले. ‘सर, ते चोवीस सेकंद उरलेत ना, ते म्हणजे एक पळ. किंग्ज एकाच गुणाने हरले. त्यांना तेवढे द्यायचे राहिले का?’

समितीने यावर विचार करून कळवावे. वर्ग वाट पाहत आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
गणित शिक्षक, इयत्ता सातवी

ता. क. – बसचालकांनी हे पत्र वाचले असून ‘दोन मिनिटं’ या शब्दांखाली त्यांनी स्वतःच्या पेनाने दोन रेघा ओढल्या आहेत. त्या तशाच ठेवल्या आहेत.